एका वेळी एकच

१२ फेब्रुवारी

वही ठेवायची कल्पना डॉक्टरांची. त्यांनी हिला सांगितलं, की झोप, जेवण, हालचाल, बोलणं यांची रोज दोन ओळींत नोंद करा. हिने माझ्याकडे पाहिलं आणि वही माझ्या गळ्यात पडली. माझी हरकत नाही. सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. प्रत्येक लिफ्टची नोंदवही असते आणि माझ्या नोंदी ऑफिसात नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवतात. बायकोची नोंदवही कधी ठेवली नव्हती, एवढंच.

आजची स्थिती अशी. ही चष्म्याच्या दुकानात काचा बसवते, त्याला एकवीस वर्षं झाली. सहा आठवडे कामावर गेलेली नाही. पहाटे चारला जागी होते आणि छताकडे बघत पडते. मीही तेव्हा जागाच असतो, त्यामुळे वेळेची नोंद अचूक आहे. जेवण निम्मं. केस विंचरायची आठवण करावी लागते. रडत नाही. रडली असती तर मला काहीतरी कळलं असतं. काय होतंय विचारलं तर म्हणते, "काही नाही."

डॉक्टर म्हणाल्या, डिप्रेशन आहे. मी विचारलं, कशामुळे? त्या म्हणाल्या, याला सहसा एकच कारण नसतं. हे वाक्य मी एखाद्या इमारतीच्या सेक्रेटरीला ऐकवलं असतं, तर त्याने मला जिने चढायला लावले असते.

उपाय चार सांगितले. गोळ्या, रोज सकाळी उन्हात चालणं, आठवड्यातून एकदा समुपदेशक बाईंशी बोलणं आणि रक्ततपासणी. सगळं उद्यापासून, एकदम.

१३ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला. एकदम हे काही मला पटत नाही.

आमच्या कामात एक नियम आहे. एका वेळी एकच भाग बदलायचा. बदलला की बघायचं. फरक नाही पडला तर जुना भाग परत बसवायचा आणि पुढचा घ्यायचा. दोन भाग एकदम बदलले आणि लिफ्ट चालू झाली, तर बिघडलेला कोणता हे जन्मात कळत नाही. महिनाभराने ती पुन्हा दोन मजल्यांच्या मध्ये उभी राहते आणि आत माणसं असतात. या नियमावर मी नाव कमावलंय. माझा जोडीदार कानावर टेस्टर लावून फिरतो म्हणून त्याला सगळे टेस्टरच म्हणतात. तो घाईचा माणूस आहे, तीन-तीन भाग बदलतो आणि चहाला जातो. त्याच्या लिफ्टा मला पुन्हा उघडाव्या लागतात.

तेव्हा ठरवलं, की एकेक उपाय करायचा, प्रत्येकाला तीन आठवडे. चालणं आधी. मग झोपायची खोली बदलून बघू, आमच्या खोलीत ऊन येत नाही. मग समुपदेशक. गोळ्या शेवटी, कारण गोळी घेतली की सगळे आकडे बिघडतात. माणूस गोळीमुळे बरा दिसतो आणि मूळ दोष आत तसाच राहतो.

हिला समजावून सांगितलं. म्हणाली, "तू म्हणशील तसं." गोळ्या माझ्या हत्यारांच्या पेटीत वरच्या कप्प्यात ठेवल्या.

१६ फेब्रुवारी

संशयितांची यादी केली. सासूबाई गेल्या त्याला चौदा महिने झाले. त्याआधी दोन वर्षं त्या आमच्या मधल्या खोलीत अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यांचं सगळं हीच करायची. दुकानात गेल्या वर्षी काचा कापायचं नवं मशीन आलं. पूर्वी काचेची कड ही हाताने घासायची, आता फक्त बटण दाबून उभी असते. लेक शिकायला दुसऱ्या शहरात गेली. पाळी जाण्याचं वय. गुडघ्याच्या गोळ्या. खोलीतला अंधार. हिची मावशीही म्हणे तरुणपणी वर्षभर बोलत नव्हती. घरच्यांनी तेव्हा ती मानी आहे असं ठरवलं होतं.

लेकीचा फोन आला. तिला यादी वाचून दाखवली. ती ऐकून घेत होती, मग म्हणाली, "बाबा, या यादीत तू नाहीस." मी म्हटलं, मी कशाला? मी होतो तसाच आहे. ती म्हणाली, तेच म्हणतेय. हल्लीच्या मुलांना काहीतरी बोलायला लागतं.

२१ फेब्रुवारी

चालणं: ४० मिनिटं. जेवण: निम्मं. झोप: ११ ते ४. बोलणं: "हो" नऊ वेळा, "नको" चार, पूर्ण वाक्यं दोन. एक वाक्य दुधाबद्दल होतं.

२८ फेब्रुवारी

रोज चालतोय. मी घड्याळ बघतो, ही रस्ता बघते. आज वाटेत तिच्या दुकानातलं गिऱ्हाईक भेटलं. म्हातारा आनंदाने म्हणाला, की तुम्ही बसवलेला चष्मा अजून नाकावरून एकदाही घसरला नाही. ही हसली. चेहरा हसला, म्हणजे. घरी येऊन दोन तास भिंतीकडे तोंड करून पडली. हसण्यापुढे बरोबरची खूण केली.

६ मार्च

चालण्याचे तीन आठवडे पूर्ण. परिणाम नाही. नियमाप्रमाणे चालणं बंद.

सासूबाईंची खाट मधल्या खोलीतून काढून गॅलरीत उभी केली आणि आमचा पलंग तिथे आणला. एका दगडात दोन पक्षी होतात की काय अशी शंका आली, कारण ऊन आणि खाट हे दोन भाग झाले. पण खाट हलवल्याशिवाय पलंग मावत नव्हता. ही दारात उभी राहून बघत होती. विचारलं, चालेल ना? तिने मान हलवली. 

९ मार्च

मी कामावरून आलो तर ही गॅलरीत, उभ्या खाटेला पाठ टेकून जमिनीवर बसलेली. नोंद: परिणाम नाही. खोलीला तीन आठवडे देण्यात अर्थ दिसत नाही, पलंग राहू देतो आणि समुपदेशकाकडे वळतो.

१२ मार्च

डॉक्टरांकडे दुसरी खेप. रक्तात थायरॉइड जरासं कमी, सीमारेषेवर. मला फार बरं वाटलं, कारण एक आकडा तरी हाती लागला. डॉक्टर म्हणाल्या, याचाही हातभार असेल, पण एवढ्याने हे होत नाही. मग विचारलं, "गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?"

मी म्हटलं, "सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय." ठरल्याप्रमाणेच चाललंय, फक्त ते मी ठरवलंय. ही जमिनीवरच्या फरशीकडे बघत होती. डॉक्टर बराच वेळ काही लिहीत होत्या. मग म्हणाल्या, महिन्यात इतकाही फरक नाही म्हणजे डोस वाढवावा लागेल. नवी चिठ्ठी दिली. गाडीत बसल्यावर माझे कान गरम झाले होते. हिला म्हटलं, अजून तीन आठवडे, मग गोळ्याच आहेत. ती म्हणाली, बरं.

पट्ट्याला नवं भोक पाडलं. जुन्या भोकावर पँट राहत नाही. टेस्टर म्हणाला, तू हल्ली लिफ्टच्या शाफ्टमध्ये गात नाहीस. मी म्हटलं, घसा बसलाय.

१९ मार्च

समुपदेशक बाईंकडे हिची पहिली भेट आजची होती. त्या आजारी पडल्या, पुढची तारीख ३ एप्रिलची मिळाली. म्हणजे दोन आठवडे काहीच चालू नाही. कोरे दिवसही कामाचे असतात, तुलनेला लागतात.

२४ मार्च

भांडी पुसताना ही म्हणाली, "मी नसते तर तुझं सोपं झालं असतं." आवाज साधा होता, जसं कुणी उद्या पाणी येणार नाही म्हणावं. मी म्हटलं, काहीतरीच काय. मग ताट तिच्या हातातून घेतलं. नोंद: पूर्ण वाक्य एक. नवीन प्रकारचं.

त्यानंतर मी बराच वेळ संडासात नुसता बसून होतो. हे नोंदीत कशाला लिहितोय माहीत नाही.

३१ मार्च

आज बऱ्याच दिवसांनी चांगली बातमी. हिने सकाळी आपणहून अंघोळ केली, केस धुतले. कपाट आवरलं. सगळे महत्त्वाचे कागद एका फाइलमध्ये लावून मला दाखवले, की हे इथे आहेत. लेकीला फोन करून अर्धा तास बोलली, तिच्या लहानपणीच्या गोष्टी काढल्या. दुपारी एकटी दुकानात गेली आणि तिथल्या काउंटरवरच्या मैत्रिणीला भेटून आली. संध्याकाळी शांत होती. माझ्या हातावर हात ठेवला.

इतके दिवस काहीच चालू नसताना हा फरक. कदाचित चालण्याचा परिणाम उशिरा दिसत असेल. कदाचित ऊन. पानाच्या कडेला मोठी बरोबरची खूण केली. मी स्वतः आज साडेपाचपर्यंत झोपलो.

१ एप्रिल

नीट क्रमाने लिहितो.

अकरा वाजता मी एका ऑफिसच्या लिफ्टच्या खड्ड्यात होतो. वरून टेस्टरने हाक मारली, की कुणी बाई आल्यात. बघतो तर चष्म्याच्या दुकानातली ती मैत्रीण. माझ्या ऑफिसात फोन करून पत्ता काढत आली होती. तिच्या हातात हिची पेचकसांची पेटी. बोटाएवढे अठरा पेचकस, दोन चिमटे, नाकाच्या पॅडचे सुटे भाग. या पेटीला हिने कधी कुणाला हात लावू दिलेला नाही. लेकीने एकदा त्यातला पेचकस खेळण्याला वापरला तेव्हा दोन दिवस घरात अबोला होता.

मैत्रीण म्हणाली, "काल ती मला ही कायमची देऊन गेली. मी रात्रभर झोपले नाही. दादा, ती निरोप घ्यायला आल्यासारखी बोलत होती. तुम्ही आत्ता घरी जा."

मी म्हटलं, अहो, ती काल चांगली होती. आणि हे तोंडातून बाहेर पडतानाच कालचा सगळा दिवस माझ्यासमोर उलटा वाचला गेला. कागद, लेकीचा फोन, हातावर हात. टेस्टरने काही न विचारता गाडीची किल्ली काढली. तो गाडी कशी चालवतो त्यावर मी आजवर खूप विनोद केलेत. आज तो मला हळू वाटला.

दाराला किल्ली दोनदा उलटी लावली, तेव्हा टेस्टरने ती माझ्या हातातून घेतली. ही स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती. समोर पाण्याचा भरलेला पेला. आम्हा दोघांना बघून म्हणाली, "एवढ्या लवकर?"

तशीच घेऊन डॉक्टरांकडे गेलो. रांग होती, डॉक्टरांनी माझा चेहरा बघितला आणि आत घेतलं. त्यांनी हिचा हात धरून सरळ विचारलं, की मरण्याचे विचार येतात का? इतकं सरळ विचारतात हे मला माहीत नव्हतं. ही म्हणाली, "हो." किती दिवस? "दोन महिने." काही ठरवलं होतं का? "आज." आणि मग जड झालेलं काहीतरी खाली ठेवावं तशी तिची मान खाली गेली, आणि ती रडायला लागली. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तू झोप विचारायचास. जेवण विचारायचास. हे नाही विचारलंस."

डॉक्टर डोस बघायला लागल्या, तेव्हा मी सांगितलं. एकही गोळी दिलेली नाही. का, तेही सांगितलं. दोन भाग एकदम बदलले तर दोष कळत नाही, हे वाक्य त्या खोलीत फार वेड्यासारखं ऐकू आलं. डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे न घेतलेल्या गोळीचा मी डोस वाढवला. तुम्हाला कारण हवं होतं की त्या हव्या होत्या?"

हिला तिथूनच रुग्णालयात नेलं.

९ एप्रिल

ही आठ दिवस रुग्णालयात होती, आज घरी आली. गोळ्या चालू, थायरॉइडची चालू, समुपदेशक बाई तिथेच दोनदा येऊन गेल्या. सगळं एकदम. लेक आली आहे. गोळ्या तिच्या ताब्यात आहेत, घरात माझ्या हाती एकही नाही, आणि ते बरोबरच आहे. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. काल रात्री माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "बसून जेव, बाबा. उभ्याने नको."

१७ एप्रिल

ही झोपलेली असताना डॉक्टरांना एकट्याने भेटलो. वही दाखवली. त्यांनी सगळी वाचली. म्हणाल्या, नोंदी चांगल्या आहेत. मला लाज वाटली. मी पुन्हा विचारलं, की आता तरी सांगा, नेमकं कशामुळे? त्या म्हणाल्या, घराण्यात थोडं असेल, थायरॉइडने थोडं, दोन वर्षांची सेवा आणि मग आईचं जाणं, हातातलं काम गेलं, वय, अपुरी झोप. यातलं एकेक वेगळं काढलं तर हजारो बायका ते अंगावर काढतात. हिच्या बाबतीत सगळं एका वेळी आलं.

असा बिघाड मला माहीत आहे. दाराच्या सेन्सरवर थोडी धूळ, व्होल्टेज थोडं कमी, ब्रेक थोडा झिजलेला, प्रत्येक गोष्ट मोजली तर मर्यादेत, आणि लिफ्ट अडकलेली. त्या बिघाडाला आम्ही नाव देत नाही, शिव्या देतो. असा बिघाड निघाला की मी तो टेस्टरकडे ढकलतो. तो सगळं साफ करतो, सगळं घट्ट करतो आणि चहाला जातो.

निघताना त्यांनी एक काम दिलं. रोज संध्याकाळी हिला तोच प्रश्न सरळ विचारायचा. मी म्हटलं, विचारून डोक्यात भरवल्यासारखं नाही होणार? त्या म्हणाल्या, ते आधीच डोक्यात आहे, विचारल्याने तिथे कुणीतरी सोबतीला जातं.

२० एप्रिल

तीन दिवस प्रश्न विचारता आला नाही. ऐन वेळी मी विचारतो, जेवलीस का. आज शाफ्टमध्ये एकटा असताना मोठ्याने म्हणून बघितला. वरून टेस्टर म्हणाला, काय रे? मी म्हटलं, काही नाही.

संध्याकाळी विचारला. ही म्हणाली, "सकाळी आला होता विचार. मग गेला."

४ मे

विचार: नाही, कालही नाही. झोप साडेपाचपर्यंत. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, त्याची तक्रार करते. तक्रार ऐकून मला इतकं बरं वाटलं, की मी बाजारातून लिमलेटच्या गोळ्यांची अख्खी बरणीच आणली.

खाट ही म्हणाली म्हणून परत आत आणली. आमचा पलंग आमच्या खोलीत नेला, ती मधल्या खोलीत खिडकीखाली ठेवली आणि ही दुपारी तिच्यावर पडते. कशाने फरक पडतोय ते कळायला आता काही मार्ग नाही. पूर्वी या गोष्टीने माझी झोप उडाली असती.

११ मे

लेक परत गेली. दिवसा शेजारीण येऊन बसते.

आज मनात होतं ते विचारून टाकलं. "माझ्यामुळे झालं का?" ही वाटाणे सोलत होती. तिने विचार केला. खरंच विचार करत होती, हात थांबले होते. मग म्हणाली, "थोडं असेल. सगळंच थोडं थोडं आहे." आणि पुन्हा सोलायला लागली. मी यादीचं पान काढून शेवटी स्वतःचं नाव लिहिलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं.

२३ मे

साडेसहाला घरी. दार उघडलं, शेजारीण गेली. मी बूट काढायला बसलो आणि रोजचा प्रश्न विचारला.

"आज नाही," ही म्हणाली. मी वही ओढली.

"आणि तुझं काय?"

मी म्हटलं, मला काय धाड भरलीय. ही समोर खुर्ची ओढून बसली आणि वाट बघायला लागली. डॉक्टर बघतात तशी नाही, गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा ठेवून ती बघते तशी, कुठे टोचतंय का म्हणून.

"किल्ली लावताना भीती वाटते," मी म्हटलं. "रोज. दार उघडल्यावर आत काय दिसेल म्हणून. रात्री तुझा श्वास ऐकत पडतो. झोपेचं दिवाळं निघालंय माझ्या." एवढं बोललो आणि रडलो. एका पायात बूट तसाच होता.

ही खुर्चीवरून उठून खाली बसली आणि दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला लागली. गाठ ओली होऊन घट्ट बसली होती. मी म्हटलं, राहू दे, कापून टाकू. ती म्हणाली, गप्प बस जरा. नखाने एकेक पदर सैल करत गेली, बराच वेळ लागला, पण सुटली.

"परवा डॉक्टरांकडे माझ्यासोबत आत चल," ती म्हणाली. "तुझंही सांगू त्यांना."

मी बरं म्हटलं.